डोळ्यांची आखणी

माझे वडील ड्रॉइंगचे मास्तर होते आणि त्यांचा माणसांपेक्षा रेघांवर जास्त विश्वास होता. हे मी कौतुकाने सांगत नाहीये. लहानपणी मला या गोष्टीचा भयंकर राग यायचा. ताप आलाय म्हणून सांगायला जावं, तर हा गृहस्थ माझ्या हातातल्या वहीचा समास बघून विचारणार, "ही रेघ कुठे निघाली फिरायला?" शाळेत ते फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसत्या हाताने रेघ ओढायचे आणि मग पहिल्या बाकावरच्या कुणालातरी लाकडी पट्टी देऊन म्हणायचे, लावून बघ. पट्टी लावली की वर्ग गप्प. रत्नागिरीत आजही पन्नाशी उलटलेली माणसं भेटतात, त्यांना माझं नाव आठवत नाही; पट्टीवाल्या मास्तरांची मुलगी ना तू, एवढं मात्र आठवतं.

गंमत अशी की हे सगळं ते एका डोळ्याने करत. उजवा डोळा लहानपणीच्या कसल्याशा आजारात अधू झालेला. त्याला उजेड आणि अंधार कळायचा, बाकी काही नाही. सगळा संसार डाव्या डोळ्यावर. आईने बदाम भिजत घातले की ते दुप्पट मागायचे, माझा डोळा दोघांचं काम करतो म्हणून. आई म्हणायची, तोंडही दोघांचं काम करतं, त्याचं काय.

त्या डोळ्याचा खरा मान श्रावणात असायचा. आमच्याकडे गणपती दुकानातून उचलून आणत नाहीत. घरचा पाट आधी शाळेत नेऊन द्यायचा आणि चतुर्थीला त्याच पाटावर बसलेला देव घरी आणायचा. जिथे मूर्ती घडतात त्या जागेला आमच्याकडे गणपतीची शाळा म्हणतात. आमच्या आळीच्या टोकाला अशी एक शाळा होती आणि ती चालवणारा मूर्तिकार वडिलांचाच जुना विद्यार्थी. माती मळणं, सोंडेचं वळण, रंग, सगळं तो करायचा. पण डोळ्यांची आखणी वडिलांची. आखणी म्हणजे सगळ्यात शेवटी, अगदी बारीक कुंचल्याने काढलेली पापणीची रेघ, भुवई आणि बुबुळ. तोवर मूर्ती म्हणजे नुसती रंगवलेली माती असते. आखणी झाली की तिच्यासमोर उभं राहून वाटेल ते बोलायची सोय राहत नाही.

वडील तिथे एका ठरलेल्या पाटावर बसायचे, मूर्ती ठरलेल्या अंतरावर, दिवा डाव्या हाताला. श्वास धरून एकेक रेघ. मी लहान असताना शेजारी बसायचे ती एका अटीवर, शिंकायचं नाही. आळीतल्या बहुतेक घरांतले देव त्यांच्या नजरेने बघायचे, आणि ही गोष्ट ते कधी बोलून दाखवत नसले तरी त्या दिवसांत त्यांची चाल बदलायची. नोकरीतून रिटायर झाल्यावर तर वर्षाचं सगळं सोनं त्या पंधरवड्यात होतं.

१९९८ साली मी पुण्याला संशोधनाला गेले. माझा विषय आईला सांगताना मी आकाशातलं वजन मोजायचं असं सांगितलं होतं. तिने विचारलं, मग तराजू कुठला? एवढा नेमका प्रश्न मला पुण्यातही फारसा कुणी विचारला नाही. पुढच्या मे महिन्यात घरी आले तेव्हा वडिलांनी मात्र मांडवीच्या जेट्टीवर बसवून नीट परीक्षाच घेतली. रोज संध्याकाळी ते तिथे जाऊन बसत, समोरच्या क्षितिजाकडे बघत. जगातली सगळ्यात सरळ रेघ फुकट बघायला मिळते, तर घरात कोण बसेल, असं त्यांचं म्हणणं.

मी सांगितलं ते असं. फार लांबच्या दीर्घिकांचा, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या थव्यांचा प्रकाश आपल्यापर्यंत येताना वाटेत जे काही जड असेल त्याच्या ओढीने किंचित वळतो. त्यामुळे त्या दीर्घिका आपल्याला किंचित ताणलेल्या दिसतात. किंचित म्हणजे इतक्या कमी की एका दीर्घिकेकडे बघून काही कळत नाही, कारण मुळातच कुणी गोल असते, कुणी लांबट, कुणी चपटी. पण हजारो दीर्घिकांचे आकार मोजले आणि सगळ्या मिळून एकाच बाजूला झुकताना दिसल्या, तर मध्ये काहीतरी आहे. ते चमकत नाही, सावली पाडत नाही, कुठल्याही दुर्बिणीत दिसत नाही. त्याला आम्ही कृष्णद्रव्य म्हणतो. त्याचं वजन आम्ही मागच्या चेहऱ्यांच्या वाकडेपणावरून काढतो.

वडिलांनी विचारलं, बघणाऱ्याचाच डोळा वाकडा असला तर? मी म्हटलं, आमचं निम्मं आयुष्य त्यातच जातं. दुर्बीण किंचित कलते, हवा हलते, चित्रातली प्रत्येक वस्तू ताणली जाते. म्हणून आधी त्याच चित्रातले जवळचे तारे बघायचे. तारा म्हणजे एक ठिपका, तो गोलच दिसला पाहिजे. ताराही ताणलेला दिसला तर दोष आपल्या डोळ्याचा, तेवढा वजा करायचा. मग त्यांनी विचारलं, आणि गुरुत्वाकर्षणाचा नियमच चुकला असला तर? या प्रश्नावर मी खूष झाले, कारण माझा प्रबंध तोच होता. दीर्घिकांचा एक मोठा समूह घ्यायचा आणि त्याचं वजन दोनदा करायचं. एकदा त्यातल्या दीर्घिका किती वेगाने फिरतात त्यावरून, एकदा मागचा प्रकाश किती वाकला त्यावरून. दोन्ही वजनं जुळली तर नियम शाबूत आणि मध्ये खरोखरच न दिसणारं काहीतरी आहे. नाही जुळली तर नियमाकडेच संशयाने बघायचं.

वडिलांनी बोटांवर मोजलं. मग म्हणाले, "म्हणजे तीन शक्यता. मध्ये काहीतरी आहे, नाहीतर डोळा वाकडा आहे, नाहीतर नियम चुकलाय. मजा आहे गो तुझी. माझ्या वर्गात एकच शक्यता असायची, पोरगं ढ आहे." परत येताना त्यांनी मला भाजलेले शेंगदाणे घेऊन दिले. माझा विषय त्यांना पसंत पडल्याची ती पावती होती.

पुढच्या वर्षी, पावसाळ्याच्या तोंडावर, आई फोनवर हसत हसत सांगत होती की हल्ली तुझ्या बाबांचा समुद्राशी वाद चाललाय. समुद्राला पोक आलंय म्हणतात, वय झालं म्हणतात त्याचं. विजेच्या खांबांनाही नावं ठेवत होते, वर्तमानपत्र छापणाऱ्यांनाही. चष्मेवाल्याकडे दोनदा जाऊन त्याला चार शब्द सुनावून आले होते. आम्हाला त्यात नवीन काही वाटलं नाही. जगातल्या रेघा वाकड्या आहेत ही त्यांची जन्माची तक्रार होती.

त्या वर्षी गणपतीला मी घरी आले. मखरातल्या देवाकडे बघताना मला उगाच वाटलं, की एका डोळ्याची पापणी बाहेरच्या टोकाला जराशी खाली ओघळली आहे आणि बुबुळाच्या कडेला एक बारीक फुगवटा आहे. बारीक म्हणजे शोधायला गेलं तर सापडू नये इतका. हाताने काढलेलं काम, कुठेतरी कमीजास्त व्हायचंच. मी मोदकांच्या पारीकडे वळले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आळीत घरोघरी आरत्या सुरू झाल्या. आमच्याकडे ही पद्धतच आहे, सगळ्यांनी मिळून एका घरातून दुसऱ्या घरात जायचं, आरती म्हणायची, प्रसाद घ्यायचा, पुढे निघायचं. पहिल्या घरी मी टाळ वाजवत होते आणि माझी नजर देवाच्या डोळ्यावर गेली. तीच पापणी. तोच फुगवटा. दुसऱ्या घरचा गणपती उभा होता, मोठा, फेटा बांधलेला; तिथेही तेच. तिसऱ्या घरच्या काकू सांगत होत्या की यंदा देव जरा नाराज वाटतो, म्हणून त्यांनी संकष्ट्या धरायचं ठरवलंय. चौथ्या घरी कुणीतरी म्हणालं, नाराज कसला, नैवेद्याकडे डोळा आहे त्याचा. सगळे हसले. अख्ख्या आळीला देवाची नजर बदललेली दिसत होती आणि अख्खी आळी देवाच्या मनात काय आहे ते शोधत होती. मास्तरांच्या रेघेत चूक असेल हे कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

पाचव्या घरी माझ्या हातातले टाळ थांबले. एक मूर्ती असती तर काहीच नव्हतं. वडिलांचा हात थरथरायला लागला असता, तरी एक रेघ वर गेली असती, एक खाली, एक आत. सगळ्यांची गोळाबेरीज शून्य झाली असती. इथे प्रत्येक देवाचा तोच डोळा एकाच जागी, एकाच बाजूला, सारखाच झुकला होता. पुण्यात दोन वर्षं मी दुसरं काही शिकले नव्हते. हे हाताचं काम नव्हतं. मध्ये काहीतरी होतं. आरती मात्र जोरात चालू होती.

मी तशीच गणपतीच्या शाळेकडे गेले. फळीवर न विकल्या गेलेल्या लहान मूर्ती उरल्या होत्या. त्या स्वस्तातल्या मूर्तींची आखणी मूर्तिकार स्वतः करायचा. मी एकेक हातात घेऊन दिव्याखाली बघितली. सगळ्यांचे डोळे सरळ होते. दिवा तोच, पाट तोच, कुंचले तेच. मूर्तिकार माझ्याकडे बघत उभा होता. मी काही विचारायच्या आधीच त्याने मान खाली घातली. म्हणाला, मला वाटलं मास्तरांनी यंदा नजर बदललीनी. मग म्हणाला, "दिसलं होतं ताई मला. पन मास्तरांच्या रेघेला पट्टी लावायची माझी छाती नाय झाली."

त्याच्यावर चिडायला मी गेले होते. पण लहानपणी पट्टी लावून गप्प झालेल्या वर्गात तोही बसला होता. मी हातातली मूर्ती फळीवर परत ठेवली आणि निघाले.

घरी आले तेव्हा वडील पडवीत खुर्चीत बसले होते. मी माझ्या बॅगेतून आलेखाचा कागद काढला, मधोमध एक ठिपका दिला आणि त्यांच्यासमोर धरला. म्हटलं, ठिपक्याकडे बघा आणि रेघा कशा दिसतात ते सांगा. त्यांनी बघितलं. माझ्या हातातून पेन्सिल घेतली, दुसरा कोरा कागद घेतला आणि जे दिसत होतं ते काढायला लागले. कडेच्या रेघा सरळ होत्या. मध्याकडे येता येता त्या वाकायला लागल्या, ठिपक्याच्या भोवती फुगल्या, आणि एका जागी एकमेकींत घुसल्या. मी पुण्यात संगणकावर ज्या आकृत्या काढायचे, हुबेहूब तशीच आकृती. समूहाचं वस्तुमान मध्ये ठेवलं की मागची जाळी अशीच वाकते.

काढून झाल्यावर त्यांनी कागद माझ्याकडे दिला. म्हणाले, "आता सांग. तीनातलं काय?"

मी म्हटलं, "मध्ये काहीतरी आहे, बाबा."

त्यांनी मान हलवली. समुद्र वाकडा झाला असेल असं त्यांना एक दिवससुद्धा वाटलं नव्हतं. चष्मा बदलून बघितला, मग हळूहळू सवय करून घेतली, असं ते अगदी सहज सांगत होते. मी त्यांना देवांच्या डोळ्यांबद्दल सांगितलं नव्हतं. सांगायचं नाही असं ठरवूनच आले होते. पण ते मास्तर होते, मी आरती अर्धी टाकून शाळेच्या दिशेने गेल्याचं त्यांना कळलेलं होतं. त्यांनी विचारलं, "देवांचे डोळे बघितलेस?" मी त्या कागदाची घडी घालायला लागले. तेव्हा त्यांचा चेहरा जो पडला तो मी विसरू शकत नाही. "मला ते सरळ दिसत होते गो," ते म्हणाले. "सगळं वाकडं दिसत होतं, तेवढेच सरळ दिसत होते."

अर्थातच सरळ दिसत होते. वाकड्या डोळ्याला सरळ दिसेपर्यंत त्यांनी रेघ दुरुस्त केली होती. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. आईने विचारलं काय झालं, तर तिच्यावरच ओरडले.

मुंबईच्या डॉक्टरांकडे तसल्याच जाळीच्या छापील कागदांचा गठ्ठा होता, मधोमध काळा ठिपका. दृष्टिपटलाच्या मागे, बरोबर मध्यावर, बारीक रक्तवाहिन्या वाढल्या होत्या आणि त्यातून झिरपणाऱ्या पाण्याने पटल उचललं गेलं होतं. लेझरने त्या जाळता आल्या असत्या, पण जाळायची जागा म्हणजे नेमकी बघायचीच जागा. वडील म्हणाले, म्हणजे घर वाचवायला माजघर पेटवायचं. डॉक्टर हसले नाहीत. आधी आला असतात तरी फारसं काही करता आलं नसतं, असं ते म्हणाले. ते खरं होतं की आमची समजूत, मला अजून माहीत नाही, आणि आता माहीत करून घ्यायची इच्छाही नाही.

वर्षभरात मधलं सगळं गेलं. कडेकडेचं राहिलं. ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं, असं ते म्हणायचे. दारातून आत येणारी बाई दिसायची, पण तिला चेहरा नसायचा. मीच त्यांना आमच्या धंद्यातली एक युक्ती शिकवली. फिकट तारा बघायचा असेल तर त्याच्याकडे सरळ बघायचं नाही, जरा बाजूला बघायचं. डोळ्याच्या कडेला तो सापडतो. ते लगेच शिकले. त्यानंतर माझ्याकडे बघायचं झालं की ते माझ्या शेजारी बघायचे. मी जेवायला वाढत असले तर माझ्या खांद्यापलीकडे नजर लावून म्हणायचे, बारीक झालीस. माझ्या शेजारी कुणीतरी उभं आहे आणि ते त्याच्याशी बोलतायत, असं वाटायचं. आळीतल्या लोकांना ते लक्ष देत नाहीत असं वाटायला लागलं. आई चेष्टा करायची, इतकी वर्षं संसार करून आता नजर चुकवायला लागलेत. मला तशी चेष्टा कधी जमली नाही. मी समोर बसलेली असताना त्यांच्या डोळ्यांत माझ्या जागी भोक आहे, ही गोष्ट मला सहन व्हायची नाही. मी कित्येकदा खुर्ची सरकवून त्यांची नजर पडेल तिथे जाऊन बसायचे, आणि मग त्यांना मी दिसेनाशी व्हायचे.

पुढच्या श्रावणात मूर्तिकार रीतीप्रमाणे बोलवायला आला. त्याला सगळं माहीत होतं, तरी आला, नारळ घेऊन. वडिलांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. आंधळ्याकडून डोळे काढून घेणार काय, असं काहीतरी कडवट बोलले. त्या वर्षी सगळी आखणी मूर्तिकाराने केली, नीटस आणि सरळ. आरतीला आमच्याच पडवीत उभं राहून कुणीतरी म्हणालं, यंदा देव प्रसन्न आहे. वडील खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होते. त्यांनी ते ऐकलं, आणि टाळ्यांची लय त्यांनी चुकवली नाही.

माझी मोजमापं २००३ मध्ये पूर्ण झाली. ताऱ्यांवरून दुर्बिणीचा वाकडेपणा काढून टाकला, मागच्या दीर्घिकांची सरासरी काढली, आणि समूहाचं प्रकाशाने केलेलं वजन आणि वेगाने केलेलं वजन शेजारी ठेवलं. चुकीच्या शक्यतेची मर्यादा धरून दोन्ही जुळत होती. नियम शाबूत होता. न दिसणारं काहीतरी खरोखर तिथे होतं. मी टेबलावर डोकं ठेवून रडले आणि माझ्या खोलीतल्या मुलांनी आनंदाश्रू समजून पेढे मागवले. खरं सांगते, त्या क्षणी मला नियम चुकलेला हवा होता. एवढ्या मोठ्या विश्वात एक तरी गोष्ट अशी निघावी, की जिच्या मध्ये काही नाही आणि ती नुसतीच आपल्याला वाकडी दिसतेय, असं मला वाटत होतं. फोनवर वडिलांना निकाल सांगितला तर म्हणाले, म्हणजे आहेच ते. मी म्हटलं, आहेच. ते म्हणाले, बरं झालं, उगाच कुणावर संशय नको.

त्याच्या पुढच्या वर्षी मला बाहेरच्या देशात काम मिळालं. गौरी-गणपती संपले की लगेच निघायचं होतं. विसर्जनाच्या दिवशी वडिलांनी एकच हट्ट धरला, की देव पाण्यात मीच न्यायचा. एरवी आमच्याकडे शेजारचे काका नेत. मुलगी आहे, एकुलती एक आहे, नेऊ दे, असं म्हणत काका बाजूला झाले आणि पाटाला एका बाजूने हात लावायला तेवढे आले.

मांडवीला गर्दी होती. काळ्या वाळूत वडील आईचा हात धरून उभे राहिले. मी गुडघाभर पाण्यात गेले, मग कंबरभर. पाट काकांनी एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने धरलेला. बुडवण्याआधी देवाचं तोंड एकदा किनाऱ्याकडे करायचं असतं. आम्ही वळलो. देव आणि मी शेजारी शेजारी, किनाऱ्याकडे बघत. मी वडिलांना शोधलं. ते अगदी ताठ उभे होते आणि त्यांची नजर सरळ गणपतीवर लागली होती. पापणीसुद्धा लवत नव्हती. किनाऱ्यावरची माणसं त्यांच्याकडे बघून हात जोडत होती. मास्तरांची भक्ती बघा, असं म्हणत होती म्हणे. मला मात्र त्या पाण्यात भरून आलं. देवाकडे सरळ बघून त्यांना देव दिसणार नव्हता, हे मला माहीत होतं. तरी बघायचं तर देवाकडे. मी दुसऱ्या दिवशी निघणार होते, आणि त्यांनी एकदासुद्धा माझ्याकडे मान वळवली नव्हती. रेघांच्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा करायची, असं म्हणून मी देव पाण्यात सोडला.

त्या हिवाळ्यात वडील गेले. झोपेत, फार त्रास न होता. मला पोचायला उशीर झाला. सगळं आवरल्यावर एका दुपारी आई आणि मी पडवीत बसलो होतो, त्यांच्या खुर्चीकडे न बघता. आईने सहज आठवण काढावी तसं सांगितलं, की त्या दिवशी मांडवीला तिने त्यांना टोकलं होतं. अहो, असं सरळ बघितलंत तर देव दिसायचा नाही, जरा बाजूला बघा.

"मग?" मी विचारलं.

"म्हणाले, देव नकोय मला. ती देवाच्या शेजारी उभी आहे ना, मला ती बघायचीय."

मी त्यांच्या खुर्चीकडे बघितलं. मग मला ते सगळं परत दिसलं. मी रिकामा पाट घेऊन पाण्यातून बाहेर यायला लागले होते. गणपती केव्हाच तळाशी गेला होता. तरी त्यांची नजर पाण्यावरून हलत नव्हती, आणि मला वाटलं होतं, देव बुडालाय हे त्यांना कळलेलं नाही. मी चालत होते आणि ती नजर माझ्या बाजूच्या रिकाम्या पाण्यावरून, माझ्याच वेगाने, हळूहळू किनाऱ्याकडे येत होती.